भाच्यासाठी पहिली नायट्रो गाडी कोणती घ्यावी? (आणि ताईला कसं पटवावं?)

सांगलीचा मामा

नमस्कार मंडळी. 'दहावी होऊ दे, मग बघू' म्हणत भाच्याला वर्षभर टांगत ठेवलं होतं. आता दहावी झाली, मार्कही बरे पडले आणि बघायची पाळी माझ्यावर आली. त्याला इंधनावर चालणारी रिमोटची गाडी पाहिजे. बॅटरीवाली नको, त्या दोन झाल्या. एक अजून पळते. दुसरी त्यानं आत काय आहे ते बघायला उघडली, ती काही परत मिटली नाही. आता त्याला दोरी ओढून इंजिन सुरू करायचंय, धूर काढायचाय.

मी पुण्यात, पोरगं वाळवा तालुक्यात. घरापुढं मोकळं अंगण, पलीकडं शाळेचं मैदान, मागं ऊस. बजेट तीस हजार, फारच झालं तर पस्तीस. इथं एका दुकानात गेलो होतो. तिथला मुलगा 'सर, हिचा टॉप स्पीड बघा' यापलीकडं काही सांगेना. इंधन कुठं मिळणार विचारलं तर 'ऑनलाइन मिळून जाईल' म्हणाला. तिथंच पाल चुकचुकली.

ताईचं एकच म्हणणं: घरात पेट्रोलचा कॅन येणार असेल तर गाडी तुझ्या पुण्यातच ठेव.

जाणकारांनी सांगावं, पहिली गाडी कोणती आणि घेताना काय बघायचं?

ग्लोप्लग

पाल योग्य जागी चुकचुकली. स्पीड सगळ्यात शेवटी बघा. आधी इंधन, मग पार्ट, मग गाडी.

ताईंना सांगा, पेट्रोलचा कॅन लागणार नाही. तुम्ही म्हणताय ती नायट्रो गाडी. तिच्या इंधनात पेट्रोलचा थेंब नसतो. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणाचं तेल असं तयार मिश्रण मिळतं. गाड्यांसाठी नायट्रोमिथेन साधारण १६ ते २५ टक्के. नवशिक्यानं १६ किंवा २० चं घ्यावं आणि तेच धरून राहावं. टक्केवारी बदलली की ट्यूनिंग पुन्हा श्रीगणेशापासून.

यात स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. आत प्लॅटिनमयुक्त तारेचं बारीक वेटोळं असतं. सुरू करताना दीड व्होल्टच्या इग्नायटरनं ते लाल करायचं. इंजिननं एकदा धरलं की इग्नायटर काढून घ्यायचा. पुढं मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या क्रियेनं तार आपली आपण तापलेली राहते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अर्धा तास प्लगकडंच बघत बसलो होतो.

खऱ्या पेट्रोलच्याही रिमोट गाड्या असतात, पण त्या खऱ्या गाडीच्या एक-पंचमांश मापाच्या, २३ ते ३० सीसीच्या, दहा किलोच्या वर वजनाच्या. नडगीवर आली तर हाड मोडेल. पहिली गाडी म्हणून नको, आणि तुमच्या बजेटातही बसणार नाही.

तुम्ही एक-दशांश मापाची, फोर व्हील ड्राइव्ह, आरटीआर म्हणजे जोडून तयार आलेली घ्या. इंजिन पॉइंट १५ किंवा पॉइंट १८. हे आकडे घनइंचातले, आपल्या भाषेत अडीच ते तीन सीसी. बॉडी मॉन्स्टर ट्रकची किंवा बग्गी. ऑनरोड नकोच. तिचं पोट जमिनीपासून बोटभर उंच, आणि आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत.

कंपनी म्हणाल तर चिनी एचएसपी बजेटात बसते आणि पार्ट मिळतात. ट्रॅक्सस, क्योशो नायट्रो घ्यायला पस्तीस हजार पुरायचे नाहीत. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०.

आनंदी गोगलगाय

खोडा घालत नाही, पण ब्रशलेस मोटरची इलेक्ट्रिक घ्या हो. माझी नायट्रो सध्या शोकेसमध्ये आहे. रविवारी सकाळी दोन तास मैदानावर जायचो, त्यात गाडी वीस मिनिटं पळायची. उरलेला वेळ दोरी ओढणे. सोसायटीतल्या एका काकांनी तर निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा असते हा नियम मला तोंडपाठ म्हणून दाखवला.

आणखी एक जखम. एका दुकानदारानं (नाव घेत नाही) मला झाकण सैल असलेला, कधीचा पडून राहिलेला इंधनाचा डबा गळ्यात मारला. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. त्या डब्यावर इंजिन एकसारखं बंद पडायचं आणि मी महिनाभर कार्बोरेटरच्या सुया फिरवत बसलो. दोष इंजिनात नव्हताच.

ग्लोप्लग

गोगलगाय, डब्याच्या बाबतीत शंभर टक्के अनुमोदन. सीलबंद डबाच घ्यावा, आणि घरी आल्यावर झाकण घट्ट.

पण 'दुसरी गाडी उघडली ती मिटली नाही' हे वाक्य तुम्ही वाचलं नाहीत. ज्याला फक्त पळवायचीय त्याला मीही इलेक्ट्रिकच सांगतो, डोळे मिटून. या पोराला पळवायला नाही, उघडायला गाडी हवीय. दोन तासांतली तुमची वाया गेलेली शंभर मिनिटं, तीच त्याची मजा.

न्यूजर्सीकर

इकडे हॉबी शॉपमध्ये दुधासारखं गॅलनवर इंधन मिळतं, तरी नवीन मुलं इलेक्ट्रिककडेच वळतात. आमच्याकडची नायट्रो मंडळी सगळी चाळिशीपुढची. तुमचा भाचा निराळा दिसतो. वाचतोय.

एअरविंग

कॉलेजात एनसीसी एअर विंगला होतो, कंट्रोललाइन विमानं उडवायचो. दोन तारांना बांधलेलं विमान आणि मधे गरगर फिरणारे आम्ही. इंजिनं हीच, ग्लो प्लगवाली. इंधनात एरंडेल असायचं, आजही बऱ्याच इंधनांत असतं. पोटासाठी आईनं पाजलेल्या एरंडेलाची चव आठवून अंगावर काटा येतो, पण जळलेल्या एरंडेलाचा धूर नाकात गेला की अजूनही मैदान आठवतं.

मामा, मला गाडीपेक्षा डब्याबद्दल बोलायचंय. मिथेनॉल हे विष आहे. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली, ती या मिथेनॉलनंच. थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात. कातडीतूनही शोषलं जातं. म्हणून डबा मूळचाच ठेवायचा, कडीकुलपात, धाकट्या भावंडांच्या हाताला लागणार नाही असा. रिकाम्या पाण्याच्या बाटलीत काहीही भरून ठेवायची आपल्याकडे खोड आहे. इथं ती खोड जिवावर बेतेल. भरायला टोपीवाली फ्युएल बॉटल मिळते, तीच वापरा, वर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा.

दुसरं, मिथेनॉलची ज्वाळा दिवसा उन्हात दिसतच नाही. फक्त वरची हवा थरथरल्यासारखी दिसते. सायलेन्सर गरम असताना इंधन सांडू द्यायचं नाही. आणि इंजिन मोकळ्या हवेतच सुरू करायचं, पडवीत नाही, गोठ्यात तर नाहीच.

हो, पुण्याहून सांगलीला डबा एसटीनं किंवा रेल्वेनं न्यायचा नाही. ज्वलनशील पदार्थ नेता येत नाहीत.

चेतकवाला

ही इंजिनं टू स्ट्रोक, म्हणजे आमचं राज्य! तीस वर्षं चेतक वापरली. चालू होईना की एका अंगावर कलती करायची, परत उभी करायची, किक मारायची. मिस्त्रीकडे क्वचित गेलो. तेव्हा मामासाहेब, ट्यूनिंगला घाबरू नका. पंपावर पेट्रोलमध्ये टू टी ऑइल मारून घ्यायचो तसंच हे, फक्त इथं तेल आधीच मिसळलेलं.

मला एक सांगा ग्लोप्लग, कार्बोरेटरला स्क्रू किती? आमच्या चेतकला एअर स्क्रू आणि आयडलचा स्क्रू, खेळ खलास.

ग्लोप्लग

इथं तीन. हाय स्पीडची सुई, लो स्पीडची सुई आणि आयडलचा स्क्रू. सुई घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवली की मिक्स्चर लीन होतं (हवेच्या मानानं इंधन कमी), उलट फिरवली की रिच (इंधन जास्त). एका वेळी पाव आट्याच्याही आत फिरवायचं, मैदानाच्या दोन-तीन फेऱ्या मारायच्या, मग बघायचं.

तुमचं चेतकचं ज्ञान इथं उपयोगी पडेल आणि एका जागी दगाही देईल. पेट्रोलला एक भाग इंधनामागे साधारण १४.७ भाग हवा लागते, मिथेनॉलला ६.४, नायट्रोमिथेनला १.७ च. म्हणजे हे इंजिन पेट्रोलच्या मानानं इंधन अक्षरशः गटागटा पितं. तेच इंधन त्याला थंड ठेवतं आणि त्यातलंच तेल त्याला वंगण पुरवतं. लीन केलं की गाडी आधी फार छान पळते. नवा पोरगा खूश होतो, आणखी थोडं लीन करतो. तेल कमी, उष्णता जास्त, आणि तीस हजार आरपीएमला पिस्टन जाम. चेतक एवढी फिरली असती तर तुम्ही चंद्रावर असता.

खूण सोपी आहे. पूर्ण थ्रॉटलला मागं धुराची रेघ दिसलीच पाहिजे. धूर नाही तर लगेच थांबायचं. टेंपरेचर गन नसेल तर इंजिनच्या हेडवर पाण्याचा एक थेंब टाका. तीन ते पाच सेकंदांत उडाला तर ठीक. पडल्या पडल्या चर्र करून उड्या मारत गेला तर फार तापलंय. नुसताच बसून राहिला तर रिच आहे, पण रिचनं इंजिन मरत नाही. गनवर १०० ते १२० अंश सेल्सिअस धरा.

तुमच्या भागात एप्रिलमधली दुपार आणि डिसेंबरमधली सकाळ यांना एकच सेटिंग चालायचं नाही. महाबळेश्वरला नेलीत तर हवा विरळ, तिथं पुन्हा वेगळं.

पाचट

सगळे इंजिनावर बोलताय, रेडिओवर कुणीच नाही. माझी कथा ऐका.

आमची नायट्रो, नवी कोरी, दुसरा दिवस. गाडीतल्या रिसीव्हरला चार पेन्सिल सेल. कालचेच सेल, म्हटलं चालतील. बांधावरून फुल थ्रॉटल दिला आणि सेल बसले. रिमोट माझ्या हातात, थ्रॉटल सोडलेला, आणि गाडी तशीच उघड्या थ्रॉटलवर सरळ शेजाऱ्याच्या उसात. तोडणीला आलेला ऊस, आत माणूस दिसत नाही. आम्ही तिघं नुसतं आवाजावर शोधतोय. 'इकडं हाय... न्हाय, तिकडं...' मग टाकी संपली आणि आवाजही गेला. सापडली दुसऱ्या दिवशी, पाचटाच्या ढिगात नाक खुपसून. नशीब, पाचट ओलं होतं. उन्हाळ्यातलं असतं तर तापलेल्या सायलेन्सरनं शेजाऱ्याचा ऊस पेटवला असता आणि मी आज हे लिहायला नसतो.

तेव्हा मामा, गाडी घेताना फेलसेफ आहे का विचारा. सिग्नल तुटला किंवा सेल बसले तर थ्रॉटल बंद होऊन ब्रेक लागला पाहिजे. आहे म्हणाले तरी विश्वास ठेवू नका. इंजिन बंद ठेवून, चाकं उचलून, रिमोट बंद करून कार्बोरेटर मिटतो का ते डोळ्यांनी बघा. दर वेळी आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. सेल रोज ताजे, नाहीतर सहा व्होल्टचा चार्जिंगचा पॅक.

इंजिन आवरेनासं झालं तर सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं दाबायचं किंवा इंधनाची नळी चिमटीत धरायची. बोटं गिअरपासून लांब.

सांगलीचा मामा

बाप रे. आमच्याही मागं ऊसच आहे.

सगळ्यांचे आभार. एक प्रश्न. कोथरूडमध्ये एक जण वापरलेली नायट्रो बारा हजाराला देतोय. 'फक्त दोनदा चालवली' म्हणतो. घ्यावी का?

ग्लोप्लग

फक्त दोनदा चालवलेल्या गाड्यांनी आपला देश भरलेला आहे.

बघायला जा, पण इंजिन थंड असताना. 'आधीच गरम करून ठेवलंय' म्हणाला तर चहा पिऊन या. यातला स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, वरच्या बाजूला किंचित निमुळता असतो, त्यामुळे थंड इंजिनमध्ये पिस्टन वर येताना शेवटी चावल्यासारखा अडकतो. तो पिंच. तापल्यावर स्लीव्ह फुगतो आणि माप बरोबर बसतं. ग्लो प्लग काढा, फ्लायव्हील बोटानं हळू फिरवा. वरच्या टोकाला स्पष्ट अडकलं पाहिजे. लोण्यासारखं गरगर फिरलं तर इंजिन संपलंय, बाराशेलाही घेऊ नका. मग एअर फिल्टर उघडा. फोम कोरडा आणि आत कार्बोरेटरच्या तोंडाशी बारीक माती असेल तर नमस्कार करून परत या. नायट्रोचा खरा मारेकरी धूळ. फोमला फिल्टर ऑइल लावून तो चिकट ठेवावा लागतो, आणि दर दोन-तीन टाक्यांनी बघावा लागतो.

सांगलीचा मामा

गेलो होतो. फ्लायव्हील असं फिरलं की जणू पंखाच. माणूस म्हणाला, 'स्मूद आहे ना?' नमस्कार करून परत आलो.

सांगलीचा मामा

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय. नवीच घेतली. एक-दशांश मॉन्स्टर ट्रक, पॉइंट १८. सोबत इग्नायटर, तीन जादा ग्लो प्लग, प्लगचा पाना, आफ्टररन ऑइल, फिल्टर ऑइल, आणि २० टक्क्यांचं इंधन दोन लिटर सीलबंद. गाडी पाहून मग इंधन शोधायचं, हा क्रम उलटा केला. आधी जिथं इंधन आणि क्लचबेल, स्पर गिअर असे सुटे पार्ट हातात धरून दाखवले ते दुकान ठरवलं, मग तिथं जी होती ती गाडी. हिशेबही केला. टाकी ७५ सीसीची, एका टाकीला आठ-दहा मिनिटं, म्हणजे लिटरमध्ये तेरा टाक्या, सुमारे दोन तास. नवं इंजिन सावकाश रुळवणंच (रनिंग-इन) पाच टाक्या खातं. भाच्याला आधीच सांगितलं, महिन्याला एक लिटर, पुढचं तुझ्या पॉकेटमनीतून.

आता तो दिवस. पाऊस उघडला होता. अंगणात पाट मांडला, त्यावर गाडी, चाकं अधांतरी. दोन-चारदा दोरी ओढली आणि पाचव्यांदा दोरी निम्म्यात अडकली. भाचा दोन्ही पाय रोवून ओढायला लागला. मी ओरडलो, "थांब! ओव्हर झालीय." (चेतकवाले, तुमचा स्कूटरवाल्यांचा शब्द आपसूक तोंडात आला.) जास्तीचं इंधन पिस्टनवर साचलं होतं आणि द्रव काही दाबला जात नाही. तशीच ओढली असती तर दोरी तुटली असती नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकला असता. प्लग काढला, गाडी उलटी धरली, दोरी ओढली. भोकातून पिचकारी उडाली ती थेट माझ्या शर्टावर. हात, मान सगळं साबणानं धुतलं. प्लग इग्नायटरला लावून सावलीत धरला तर आतलं वेटोळं नारिंगी झालं. भाचा म्हणाला, "मामा, ही तर आज्जीच्या शेगडीची कॉइल हाय की, मुंगीच्या मापाची."

प्लग बसवला. दुसऱ्या ओढीला धरलं. एवढ्याशा इंजिनचा तो आवाज! निळा धूर पार गोठ्यापर्यंत. ताई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "कुणी एरंडेल तापवलंय रं?" मी म्हटलं, बघ, पेट्रोल नाही. ती डबा बघून गेली, कुलूप बघून गेली, किल्ली स्वतःच्या जुडग्यात अडकवून गेली. एअरविंग, तुमचं काम झालं.

पहिल्या दोन टाक्या नुसत्या आयडलवर आणि मधूनच हलका थ्रॉटल, मिक्स्चर भरपूर रिच. प्रत्येक टाकीनंतर पूर्ण थंड होऊ द्यायचं, आणि पिस्टन खाली करून ठेवायचा, वर पिंचमध्ये अडकून गार होऊ द्यायचा नाही. हे वाट बघणं त्याला जमणार नाही असं वाटलं होतं. पण पोरगं प्रत्येक वेळी फ्लायव्हीलवर खडूनं खूण करत होतं, खालचं टोक कुठलं ते. तिसरीपासून मैदानावर नेली. ऊस पाठीशी घालून, फेलसेफ दोनदा तपासून. थेंब टाकायचं काम त्याचं. वाकून मोठ्यानं आकडे मोजायचा, "एक, दोन, तीन, चार... गेला!" आजूबाजूला डझनभर पोरं जमली आणि सगळीच मोजायला लागली.

संध्याकाळी टाकी रिकामी केली, उरलंसुरलं इंधन इंजिन चालवून जाळलं, कार्बोरेटरमधून आणि प्लगच्या भोकातून आफ्टररन ऑइलचे चार थेंब सोडले, दोरी ओढून आत फिरवले. हे नाही केलं तर उरलेलं मिथेनॉल पाणी ओढून बेअरिंग गंजवतं. त्यानं हे वहीत लिहून घेतलं. दहावीच्या वर्षात त्याच्या हातात वही मी एवढ्या आवडीनं कधी बघितली नव्हती.

मी काल पुण्याला परत आलो. निघताना तो हळूच विचारत होता, "कार्बोरेटर आतनं कसा असतंय वो?" मी म्हटलं, पुढच्या महिन्यात येतो, तोवर हात लावायचा नाही. रात्रीपासून फोन उचलत नाहीये. ताईला विचारलं तर म्हणाली, वर माळ्यावर बसलाय, पाटावर वर्तमानपत्र पसरून.

ग्लोप्लग, लो स्पीडच्या सुईचं कंपनीचं मूळ सेटिंग किती आटे असतं, जरा लवकर सांगता का?